नायजरच्या शेतांत झाडं का टिकत नव्हती? या चुका टाळा

दुष्काळी मुलूख दिसला की पहिला सल्ला येतो रोपं लावण्याचा. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेवरच्या नायजरमध्येही १९७० नंतर रोपवाटिका निघाल्या, खड्डे खणले गेले, आणि बहुतेक रोपं उन्हाने, वाळूने नि शेळ्यांनी संपवली. खरी चूक लागवडीच्या आधीच होत होती.

मराडी भागात काम करणाऱ्या टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञांच्या ती १९८३ च्या सुमारास लक्षात आली. शेतकरी पेरणीआधी जी झुडपं तोडून जाळत, ती झुडपं नव्हतीच. जुन्या झाडांच्या खुंटांना फुटलेले ते धुमारे होते, खाली मुळं शाबूत. अशा खुंटावर चार-पाच सरळ, जोमदार धुमारे ठेवायचे, बाकीचे काढायचे आणि ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. सगळेच ठेवले तर वर्षानुवर्षं झुडूपच राहतं. एकच ठेवला आणि तो कोणी सरपणाला नेला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या साध्या छाटणीने नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली, तीही जवळपास रोपं न लावता.

छाटणी शिकवूनही कोणी झाडं राखत नसेल, तर झाड कोणाच्या मालकीचं आहे ते आधी बघा. वसाहतकाळापासूनच्या कायद्याने तिथे झाड सरकारचं होतं, आपल्याच शेतातली फांदी तोडली तरी दंड. अशा झाडाला कोण जपेल? १९८० च्या दशकात अंमलबजावणी सैल झाली, तेव्हा कुठे हे काम पसरलं.

सावलीने बाजरी खुरटते ही तक्रारही खरी असते. तिथे 'गाओ' झाड राखतात. ते ऐन पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं.

कडक, पापुद्रा धरलेल्या जमिनीसाठी शेजारच्या बुर्किना फासोत 'झाई' खड्डे करतात: २०-३० सेंटीमीटर रुंद, १०-२० खोल. नुसत्या खड्ड्यात पाणी थांबतं, पण पीक उपाशी राहतं. ओंजळभर शेणखत हवंच. त्या खताला वाळवी लागली तर मारू नका (आपल्या शेतकऱ्याला हे पटणं अवघड!), तिच्या बिळांतूनच पाणी खाली मुरतं. वाळूच्या जमिनीत मात्र हे खड्डे करू नका, बुजून जातात.

दगडी बांध नजरेच्या अंदाजाने घालू नका. पाणी एका टोकाला धावतं आणि बांध तिथेच फुटतो. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन समपातळी काढा.

आणि झटपट हिरवळीच्या मोहात वेडी बाभूळ लावू नका. केनियात बारिंगोमध्ये ती १९८० च्या दशकात मुद्दाम लावली आणि तिने कुरणंच गिळली. आधीच पसरली असेल तर शेंगा गोळा करून दळा, मग जनावरांना घाला. अख्ख्या खाल्ल्या तर बी लेंड्यांतून पुढच्या शेतात जातं.