मक्यावरचा करपा आधी खालच्या पानांवर शोधा

खरिपात ढगाळ हवा, रिमझिम आणि पहाटेचं दव असं आठवडाभर राहिलं की मक्याच्या शेतात आतपर्यंत जाऊन या. बांधावरून पाहून करपा (पानांवरचा बुरशीजन्य रोग) कळत नाही, कारण तो बहुधा खालच्या पानांवर सुरू होऊन वर चढतो. लांबट, दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले राखाडी-तपकिरी चट्टे म्हणजे टर्सिकम करपा. त्याला साधारण १८ ते २७ अंश तापमान आणि तासन्‌तास ओली पानं मानवतात. चट्टे लहान आणि पानाच्या शिरांना समांतर असतील, तर तो बहुधा मेडिस करपा. तो जास्त उबदार हवेत वाढतो.

शेतात नागमोडी चालत ५ ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी १० झाडं बघा आणि चट्टे कोणत्या पानापर्यंत पोचलेत ते वहीत लिहा. माझ्या मते किती झाडांवर रोग आहे यापेक्षा ही नोंद जास्त उपयोगाची, कारण दाणे भरण्याचं मोठं काम कणसाजवळची आणि त्यावरची पानं करतात. तुरा येण्याच्या सुमारास चट्टे कणसाजवळच्या पानांकडे सरकत असतील आणि हवा दमटच असेल, तर थांबू नका. मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून फवारा. खालची पानंही भिजली पाहिजेत. चाऱ्यासाठी मका असेल तर लेबलवरचा प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणीनंतर कापणीपर्यंत थांबायचे दिवस, पाळाच.

बुरशी धसकटांत आणि वाळक्या पानांत टिकते. काढणीनंतर ती धसकटं आणि पानं नांगरून गाडा, आणि त्या रानात पुढच्या हंगामात सोयाबीन किंवा हरभरा घ्या.