फुटबॉलची उतरंड तळापासून पाहताना

बांद्याच्या पुढे गोव्याची हद्द लागते, बस बदलते, पण खेळ तोच असतो. अशा समजुतीने सावंतवाडीहून निघून मी तेथील खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबच्या सरावाला जाऊ लागलो. वास्तविक त्या हद्दीवर राज्य फुटबॉल संघटनाही बदलते. माझी खेळाडू म्हणून नोंद आमच्याकडच्या एका क्लबच्या नावावर होती आणि त्या क्लबाने आंतरराज्य बदलीला वेळेत संमती दिली नाही. परिणामी तो संपूर्ण मोसम मी बूट बांधून, चुन्याच्या रेघेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसून काढला. क्लबाला दोष देता येईल. परंतु अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, आपले नाव कोठे आहे याची चौकशी मी स्वतःही केली नव्हती.

नवा मुलगा ही व्यवस्था बहुधा टीव्हीवरून, म्हणजे वरून खाली पाहतो. 1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, 2007 मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली आणि 2014 मध्ये आलेल्या इंडियन सुपर लीगला 2019 च्या आराखड्याने सर्वोच्च स्थान मिळाले. आय-लीगच्या विजेत्याला वर जाण्याचा मार्ग मात्र 2023 मध्ये पंजाबच्या संघामुळे प्रथम खुला झाला, आणि तोही केवळ मैदानावर जिंकून पार होत नाही. मैदान, युवा संघ आणि आर्थिक व्यवहार तपासून दिला जाणारा क्लब परवानाही लागतो. वरून खाली घसरण्याचा नियम त्याच वेळी लागू झाला नाही, हे मला आजही अर्धवट वाटते.

या उतरंडीत मडकी किती हलतात, हे पाहायचे असेल तर आमच्या शेजारच्या गोव्यातील धेंपो क्लबाकडे पाहावे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा क्लब 2016 मध्ये महासंघाने तेव्हा मांडलेल्या नव्या रचनेला विरोध करून साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांसह आय-लीगमधून बाहेर पडला. पुढे परतला तो थेट आय-लीगमध्ये नव्हे, तर तिच्या खालच्या आय-लीग 2 मधून, आणि 2024-25 च्या मोसमात त्याने पुन्हा आय-लीगची पायरी गाठली.

तुमचा संबंध प्रथम येईल तो याहून खाली. आय-लीग 2 च्या खाली 2023 मध्ये आय-लीग 3 सुरू झाली आणि तेथे राज्य संघटनांनी शिफारस केलेले क्लब उतरतात. त्यामुळे भातकापणीनंतर मळ्यातल्या खुंटांवर अनवाणी खेळलेल्या, बक्षिसाच्या रकमेसाठी गाजलेल्या स्पर्धा या शिडीत मोजल्या जात नाहीत. राज्याची लीग मोजली जाते. चाचणीला जाण्यापूर्वी आपला सीआरएस क्रमांक, सध्याच्या क्लबाची लेखी संमती आणि बदलीच्या मुदतीची तारीख या तिन्ही गोष्टी हातात असू द्याव्यात. प्रशिक्षक तोंडी ‘तू खेळशील’ म्हणाला, तरी यादीत नाव चढल्याशिवाय घरी कळवू नये. मी कळवले होते, आणि पहिल्या सामन्याला काका गावातली पाच माणसे घेऊन आले होते.