आवडती प्रेमकादंबरी परत वाचायची आहे? मग अशी वाचा

कोण कोणाच्या प्रेमात पडतं, कुठं बिनसतं, शेवटी कोण कोणाला थांबवतं हे सगळं तोंडपाठ असलेली कादंबरी परत काऊन वाचतेस, असं घरातलं कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर सरळ आहे. आपल्या कोरडवाहू भागात जून लागला की कशाचाच शेवट माहीत नसतो, पाऊस टिकेल का, दुबार पेरणी करावी लागेल का, कापूस घरात आल्यावर भाव काय निघेल, आणि असं वर्षभर टांगणीला लागलेल्या मनाला एक तरी गोष्ट अशी पाहिजे जिचं शेवटी चांगलंच होणार आहे हे पक्कं ठाऊक आहे.

शेवट माहीत असला की मजा जाते असंही काही नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमधल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला, आणि सरासरी पाहिलं तर शेवट माहीत असलेल्यांनाच कथा जास्त आवडल्या.

पहिलं काम पुस्तक निवडायचं. सगळ्यात भारी पुस्तक नका निवडू, ज्यातली माणसं एकमेकांशी नीट बोलतात ते निवडा. मधलं कुठलंही पान उघडा आणि दोन पानं वाचा, तिसरं पान आपोआप उलटलं तर तेच पुस्तक. कथा आजच्या काळातली असली की अजून बरं, म्हणजे पुण्यातली भाड्याची खोली, नोकरीचं टेन्शन, आईचे फोन, व्हॉट्सअॅपवर वाचून पण उत्तर न देणारा तो, हे सगळं ओळखीचं असतं. शेवटी कोणी मरतं किंवा मोठं आजारपण येतं असं पुस्तक कितीही आवडतं असलं तरी मन खचलेल्या दिवसात कपाटातच राहू द्या.

पुस्तक जवळ नसेल तर गावातल्या नाहीतर शेजारच्या गावातल्या वाचनालयात विचारा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे आपल्या राज्यात अ, ब, क, ड अशा वर्गांची अनुदानित वाचनालयं आहेत, आणि छोट्या वाचनालयातसुद्धा कादंबऱ्यांचं एक कपाट असतंच. मुदत संपली तर ग्रंथपालांना सांगून परत आपल्याच नावावर लावून घ्या. पण जे पुस्तक पुन्हा पुन्हा लागतं ते मात्र स्वतःचं घ्याच, जुनं मिळालं तरी चालेल, कारण वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवता येत नाही आणि खरी गंमत तिथंच आहे, ते पुढं सांगते. मोबाईलवर ईबुक चालतं, ऑडिओबुक भाकरी थापताना ऐकायला चांगलं, पण मी तरी कागदाच्याच बाजूची, मोबाईलवर वाचताना मध्येच कोणाचा तरी मेसेज येतो आणि मन कुठल्या कुठं जातं.

आता वेळ. मे महिन्यात दुपारी बाहेर ४४-४५ डिग्री तापलेलं असतं, कोणीच वावरात जात नाही, कूलरसमोर सगळे आडवे होतात, तेव्हाचे दोन तास आपले. दुसरी वेळ रब्बीतली. मोटरीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची असली की घरचा माणूस गव्हाला नाहीतर चण्याला पाणी द्यायला जातो, आणि अंधारात साप-विंचू, रानडुकरं, थंडी ह्या विचारानं मागं राहिलेल्या बाईला तो घरी येईपर्यंत झोप लागत नाही. त्या रात्री नवीन पुस्तक वाचलंच जात नाही, डोळे ओळीवर आणि कान फाटकाकडे असतात. पाठ असलेली कादंबरी मात्र वाचता येते, मध्येच लक्ष उडालं तरी काही सुटत नाही, जिथून उचलली तिथून चालू. गावातली लाईन पण जाते म्हणून चार्जिंगचा दिवा संध्याकाळीच चार्ज करून ठेवा.

वाचायला बसलात की पहिल्या पानापासून सुरू करा. आवडता प्रसंग काढून तेवढाच वाचला तर गोड लागतो पण पाच मिनिटात संपतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताटातुटीचं प्रकरण गाळू नका. बरेच जण गाळतात, मला ते पटत नाही. दोघं का दुरावले, कोणी कोणाचं ऐकून घेतलं नाही, हे परत वाचल्याशिवाय पुढचं समजावणं-मनवणं मनाला भिडत नाही, धीर जो मिळतो तो एवढं सगळं होऊन पण दोघं परत बोलले ह्याचाच मिळतो. हो, पण ते भांडण हुबेहूब तुमच्या घरातल्यासारखं असेल आणि वाचून छातीत धडधड होत असेल तर खुशाल पानं उलटा, पुस्तक आपल्यासाठी आहे.

पेन्सिल जवळ ठेवा. ह्या वेळी जे वाक्य लागलं त्याच्या बाजूला बारीक रेघ आणि साल लिहा. लग्नाआधी नायकाच्या चिठ्ठीवर रेघ असते आणि काही वर्षांनी त्याच पुस्तकात नायिकेच्या आईच्या बोलण्यावर येते, आणि दोन्ही रेघा एका पुस्तकात पाहताना आपणच आपल्याला भेटतो, लय सुंदर वाटतं ते. जावेला नाहीतर नणंदेला आवड असेल तर संवाद मोठ्यानं वाचा, एकीनं तो व्हायचं, एकीनं ती.

एक गोष्ट मनापासून सांगते. पुस्तक हातात धरवत नाही, पंधरा-पंधरा दिवस झोप नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर कादंबरीवर भागवू नका, १४४१६ वर टेली मानसला फोन करा, मनाच्या त्रासात मदत करणारी सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.

बाकी पुस्तक जपा. पावसाळ्यात ओल धरते, कसर लागते, म्हणून भिंतीला टेकवून ठेवू नका, कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून कपाटात टाका, आणि दिवाळीच्या साफसफाईत पानं मोकळी करून हवा द्या, कडक उन्हात मात्र नको, कागद पिवळा पडून तुकडे पडतात. कोणी मागितलं तर द्या, नाव आणि तारीख वहीत टिपून द्या, आणि शेवट काय आहे विचारलं तर सांगून टाका.