स्विमिंग पूल साफ करणारा रोबो एकाच कोपऱ्यात गोल फिरत असेल तर

अलिबागच्या आमच्या स्विमिंग पूलमधला रोबो दहा मिनिटांतच एका कोपऱ्यात गरगरत बसायचा, भिंतीवर चढायचा नाही. फिल्टरची जाळी धुतली, ब्रश नवे घातले. पदरचे पैसे गेले, फरक शून्य.

दोष केबलच्या पिळात होता. आधी प्लग काढला. केबल पूर्ण सोडून अंगणात सरळ पसरली, दुपारभर उन्हात ठेवली. मऊ झाल्यावर रोबो पिळाच्या उलट दिशेने फिरवत पीळ काढले. मग रोबो पाण्याखाली धरून बुडबुडे थांबेपर्यंत डावी-उजवीकडे कलवला. तो तळाला टेकल्यावरच बटण दाबलं. केबल लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचेल एवढीच पाण्यात, उरलेली काठावर. आता चढतो. शेवाळलेल्या भिंतीवर मात्र घसरतो. ती आधी हातानेच घासतो.