गोव्यात राहायला येणाऱ्या मराठी वाचकांसाठी

नोकरीसाठी, लग्नानंतर किंवा निवृत्तीनंतरच्या निवांतपणाच्या ओढीने महाराष्ट्रातून गोव्यात येणारी मंडळी घर, मुलांची शाळा आणि गॅसजोडणी यांची चौकशी आधीच करून ठेवतात. पुस्तकांचा प्रश्न मात्र सामानाची खोकी उघडल्यावरच समोर येतो. मी कोल्हापूरकडची. फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, इथेच संसार मांडला आणि वाचनातली जिवाभावाची माणसेही मला इथेच भेटली. त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगू शकते. गोव्यात पुस्तके मिळवणे कठीण नाही. पुस्तकांविषयी मनापासून बोलणारी माणसे मात्र आपण होऊन शोधावी लागतात, आणि ती भेटेपर्यंत इथे परकेपणा जात नाही.

सुरुवात पणजीपासून करावी. पाटो भागात, कदंब बसस्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पोर्तुगीज राजवटीत 1832 मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे, आणि आज तिला सोळाव्या शतकात केळशी गावी होऊन गेलेल्या कवीचे नाव दिलेले आहे. सभासदत्वासाठी पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्रे सोबत न्यावीत. भाड्याच्या घरात राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार जवळ असलेला बरा. पण माझा आग्रह असा, की पहिल्या भेटीत पुस्तक घरी नेण्याची घाई करू नये. गोव्याच्या इतिहासाच्या विभागात एक दिवस नुसते बसावे. आपण ज्या गावात राहायला आलो आहोत त्याचे नाव धरून शोध घेतला, तर देवस्थाने, गावकऱ्या (गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्था), खाणी, खाजन शेती (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत बांध घालून केलेली शेती) आणि मुक्तिसंग्राम यांच्याविषयी इतके काही हाती लागते की परतीच्या बसमधून दिसणारा रस्ताही वेगळा वाटू लागतो. ड्युई दशांश पद्धतीने मांडणी केलेल्या कोणत्याही ग्रंथालयात मराठी साहित्य 891.46 या क्रमांकाखाली आणि भारताचा इतिहास 954 खाली सापडतो. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तर दर वेळी कर्मचाऱ्यांना विचारावे लागत नाही.

राज्यात 1993 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, तालुक्यांच्या ठिकाणी ग्रंथालये आहेत आणि दक्षिण गोव्यासाठी नावेली येथे जिल्हा ग्रंथालय आहे. घराजवळचे ग्रंथालय लहान असले तरी तिथले सभासदत्व अवश्य घ्यावे, कारण रोजची ओळख तिथेच होते. यांखेरीज 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर इथल्या हिंदू समाजाला जो मोकळेपणा मिळाला, त्यातून मराठी शाळा, वाचनालये आणि विद्यासंस्था गावोगाव उभ्या राहिल्या. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात छापील मजकुरावर कडक नियंत्रण असतानाही ज्या घरांनी मराठी पुस्तके जपली, त्या घरांतली आजी-आजोबा मंडळी अजून भेटतात. त्यांना वाचनाविषयी विचारले तर आनंदाने सांगतात, आणि ते ऐकणे हे नव्याने आलेल्या वाचकाचे कर्तव्य आहे असे मी मानते.

ग्रंथालयातली मैत्री वर्तमानपत्रांच्या टेबलावर सुरू होते. सकाळी दार उघडताच येणारे ठरावीक वाचक असतात. त्यांच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात आणि कोण कोणता अंक आधी घेणार हेही ठरलेले असते. काही दिवस नुसते पाहावे, मग एखाद्या अग्रलेखावर त्यांचे मत विचारावे. इथे वयाने मोठ्या पुरुषाच्या नावापुढे बाब आणि स्त्रीच्या नावापुढे बाय लावण्याची रीत आहे. शिक्षकीपेशातून निवृत्त झालेल्यांना सगळे सर किंवा बाईच म्हणतात. आपण मराठीत बोलावे, समोरची व्यक्ती कोंकणीत उत्तर देईल, आणि दोघांनाही सारे समजेल. कोंकणी ही मराठीची बोली आहे की नाही या वादात मात्र पाहुण्याने पडू नये. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरचा 1967 चा जनमत कौल आणि 1987 चा राजभाषा कायदा यांच्या आठवणी अनेक घरांत अजून ताज्या आहेत. त्या कायद्याने देवनागरी लिपीतल्या कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद ठेवली. दोन्ही भाषांत तितक्याच प्रेमाने वाचणारे आणि लिहिणारे लोक या भूमीत आहेत, आणि आपण कोंकणी वाचायला शिकलो की त्यांच्याशी बोलणे फार सोपे होते. देवनागरी येत असल्याने मराठी वाचकाला त्यासाठी वेगळी शिकवणीही लागत नाही. एखादा कथासंग्रह घेऊन तो मोठ्याने वाचावा, एवढे पुरे.

मराठी वाचकाने ख्रिस्ती शेजाऱ्यांपासून दूर राहू नये, हेही मला कळकळीने सांगायचे आहे. आमच्या वाचकगटात मडगावकडचे एक निवृत्त अधिकारी येत. मराठी ऐकून समजे, पण देवनागरी वाचताना ते अडखळत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून मराठी ओवीत रचलेले आणि 1616 मध्ये प्रथम रायतूर येथे छापले गेलेले ख्रिस्तपुराण आम्ही एका पावसाळ्यात वाचायला घेतले. जवळजवळ 11000 ओव्यांचा तो ग्रंथ मूळ रोमन लिपीत छापलेला असल्याने त्यांच्या हाती रोमन प्रत आणि माझ्या हाती देवनागरी प्रत होती. ते एक ओवी वाचत, पुढची मी वाचे. माझ्या कानाला ज्ञानेश्वरीच्या वळणाची वाटणारी ओळ त्यांना चर्चमधल्या प्रवचनाची आठवण करून देई, आणि मग दोघेही थांबून ती ओळ पुन्हा म्हणत असू. त्यांच्या पत्नी दर वेळी चहाबरोबर बेबिंक हा थरांचा गोड पदार्थ ठेवत आणि शेवटची ओवी होईपर्यंत बशीला कोणाचा हात लागत नसे. त्या पावसाळ्याने मला गोव्याचा इतिहास जितका शिकवला तितका कोणत्याही संदर्भग्रंथाने शिकवलेला नाही.

असा गट आपल्या परिसरात नसेल तर तो सुरू करावा; चार माणसे पुरेत. प्रत्येकाने महिन्याला एक पुस्तक वाचून आणावे आणि त्यातले एक पान वाचून दाखवावे. सगळ्यांनी तेच पुस्तक वाचण्याची सक्ती मी टाळते, कारण सक्तीमुळे आधी पुस्तक मागे राहते आणि मग माणूस येईनासा होतो. बैठकीची वेळ दुपारी ठेवू नये. जेवणानंतरची विश्रांती हा इथल्या दिनक्रमाचा भाग आहे, कित्येक दुकानेही त्या वेळी बंद असतात. संध्याकाळी साडेपाचनंतरची वेळ सर्वांना सोयीची पडते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात कोणी भेटणार नाही हे गृहीत धरावे. गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, कुठेही राहत असला तरी चवथीला मूळ घरी जातो. त्या घरी बोलावणे आले तर मात्र कोणतेही काम बाजूला ठेवून जावे, गणपतीवर बांधलेली माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, नीट पाहावी आणि तिच्यातल्या रानफळांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावीत. वनस्पतींवरचे चांगले पुस्तक भेट द्यायला याहून योग्य वेळ नाही. कार्तिकापासून पुढे जत्रांचे दिवस येतात. देवळाच्या प्रांगणात रात्रभर चालणारी मराठी नाटके पाहिल्याशिवाय गोव्यातल्या मराठीचे मूळ कुठे आहे हे उमगत नाही, म्हणून त्या दिवसांत आमचा गट पुस्तकाऐवजी नाटकाला जातो.

पुस्तकांच्या देवघेवीत शिस्त हवी. शिरोड्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी दाराशेजारी एक लांबट नोंदवही दोरीने खिळ्याला टांगलेली असे. पुस्तक नेणाऱ्याने स्वतःच्या हाताने नाव, गाव आणि तारीख लिहायची. परत करताना त्यापुढे पुस्तकाविषयी एक वाक्य लिहायचे, तेही आवडले किंवा आवडले नाही एवढ्यावर न थांबता. जुन्या कॅलेंडरच्या पानांची वेष्टणे घातलेली त्यांची पुस्तके तालुकाभर फिरत आणि परत येत. त्या वहीतली वाक्ये वाचूनच मी काही जणांशी ओळख करून घेतली. नव्याने आलेल्या माणसाने मागितलेले पुस्तक ठरल्या दिवशी परत केले की दुसऱ्या वेळी त्याच्यापुढे घरातले सगळे कपाट उघडले जाते.

आता पावसाळ्याविषयी, कारण देशावरून आणलेल्या पुस्तकांची खरी परीक्षा इथे असते. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि इथे ती आठवडेच्या आठवडे ऐंशीच्या वर असते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मधे चार बोटे जागा सोडावी आणि पाय जमिनीपासून उंच ठेवावेत, म्हणजे वाळवीची मातीची वाट वेळीच दिसते. पुस्तके गच्च कोंबू नयेत. कोरडा दिवस मिळाला की कपाट उघडे ठेवून पंखा लावावा. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशी मात्र थांबत नाही. शिवाय मुलांच्या किंवा आजारी माणसांच्या खोलीत त्या ठेवू नयेत. बुरशी धरलेले पुस्तक घरात झटकू नये. ते आधी वाळू द्यावे, मग नाकातोंडाला फडके बांधून अंगणात मऊ ब्रशने साफ करावे. भिजलेले पुस्तक उन्हात ठेवले तर बांधणी वाकते, म्हणून ते सावलीत पंख्याखाली उभे करून पानांमध्ये कोरे शोषक कागद घालावेत. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या पानाला लागते. गुळगुळीत कागदाची पाने एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत, तेव्हा लगेच वेळ नसेल तर असे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावे आणि सवडीने बाहेर काढून वाळवावे.

हे काम एकट्याने करू नये. मेच्या अखेरीस आमच्या गटातले सगळे एकेका रविवारी एकेकाच्या घरी जमतात, कपाटे रिकामी करतात, पुसतात आणि पुन्हा लावतात. कोणाकडे काय आहे हे तेव्हाच कळते, पावसाळ्यात काय वाचायचे तेही तिथेच ठरते, आणि संध्याकाळी निघताना प्रत्येकाच्या पिशवीत दुसऱ्याची दोन-तीन पुस्तके असतात. आपल्या शेजारात असे कोणी वाचणारे असेल, तर मे संपण्याआधी त्यांच्याकडे जाऊन आपण मदतीला येऊ का असे विचारावे.