खुणेचा शेजार: दृश्यसंवाद शिकायला येणाऱ्यांसाठी

बारावीनंतर उपयोजित कला किंवा डिझाइन घ्यायचं ठरवलेली मुलं आणि त्यांचे आईवडील भेटतात, तेव्हा त्यांचे पहिले प्रश्न हाताबद्दल असतात. हात बरा आहे का? पोर्ट्रेट जमत नाही, चालेल का? कॉम्प्युटरवर आधी काय शिकवायचं? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे देते. पण चार वर्षांचं शिक्षण आणि त्यानंतर पॅकेजिंग आणि दिशादर्शक पाट्यांच्या कामात गेलेली वर्षं पाहता, मला या क्षेत्रात सगळ्यात उपयोगी पडली ती एक सवय. कुठलीही खूण, रंग किंवा चित्र समोर आलं की त्याच्या शेजारी काय आहे ते आधी बघायचं. ही सवय कोणत्याही विषयाच्या नावाखाली शिकवली जात नाही, म्हणून तिच्याबद्दलच जास्त लिहिते.

आधी प्रवेशाचं. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या असतील तर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द ओळखीचे असतील. त्या सरावाचा फायदा होतो. बीएफए म्हणजे ललित कलेच्या पदवीसाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेशपरीक्षा असते. बी.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. दोन्हीकडे बारावीची कोणतीही शाखा चालते, त्यामुळे सायन्स घेतलेल्या मुलांनी घाबरू नये. मुंबईच्या जेजेला, म्हणजे सर जे. जे. कला महाविद्यालयाला, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, तिथली प्रवेशप्रक्रिया वेगळी तपासा. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका. पोर्ट्रेट जमत नसेल तर चालतं. सॉफ्टवेअर दुसऱ्या वर्षापर्यंत आपोआप हातात येतं.

पहिलं वर्ष ठिपका, रेघ, चौकोन आणि रंगचक्रात जातं. पुष्कळ मुलं इथे वैतागतात, आपण जाहिराती करायला आलो आणि सर चौकोन कापायला लावतात असं त्यांना वाटतं. त्या चौकोनांकडे नीट बघा. पांढऱ्या कागदावर मधोमध ठेवलेला काळा चौकोन स्वस्थ बसलेला दिसतो. तोच कोपऱ्यात सरकवला की बाहेर पडायला निघाल्यासारखा वाटतो. शेजारी एक छोटा गोल ठेवला की लगेच दोघांमध्ये काहीतरी चाललंय असं वाटायला लागतं. चौकोन तोच आहे, अर्थ बदलला तो कडेमुळे आणि गोलामुळे. पुढची सगळी वर्षं याच गोष्टीचा विस्तार आहे.

याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे निवडणूक चिन्हं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात शंभरातल्या ऐंशीहून अधिक लोकांना वाचता येत नव्हतं. नावं छापून उपयोग नव्हता. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावलं: बैलजोडी, झोपडी, दिवा, कणीस-विळा. पुढे चिन्हं मतपत्रिकेवर आली, नंतर यंत्रावर. निवडणूक आयोगासाठी एम. एस. सेठी यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंची अशी कितीतरी चिन्हं पेन्सिलने काढली. ही रेखाटनं मुद्दाम पाहा. छटा नाहीत, शैली मिरवलेली नाही. वस्तू ज्या बाजूने पटकन ओळखू येते ती बाजू आणि ठसठशीत बाह्यरेषा, एवढंच. पंखा किंवा शिवणयंत्र उमेदवाराबद्दल काहीही सांगत नाही. त्या यादीतल्या बाकीच्या चिन्हांपेक्षा ते वेगळं दिसलं की त्याचं काम झालं.

आणि वेगळं दिसलं नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पाहिलं. एका पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. काही मतदारसंघांत अपक्षांना ‘ट्रम्पेट’ हे मुक्त चिन्ह मिळालं, त्याच्यापुढे मराठीत ‘तुतारी’ असं छापलेलं होतं. लोक त्याला पिपाणी म्हणू लागले. मतदार गोंधळले आणि मतं तिकडे गेली, अशी तक्रार त्या पक्षाने केली. कुणाचा फायदा झाला आणि कुणाचा तोटा, हा माझा विषय नाही. दृश्यसंवाद शिकणाऱ्याने इथे बघायचं ते असं, की एकेकटं घेतलं तर दोन्ही रेखाटनांत दोष नाही. एकात माणूस आहे, दुसऱ्यात नुसतं वाद्य. गोंधळ झाला तो दोन्ही एकाच यादीत आल्यावर, त्यातही एकाच्या शेजारी तो शब्द बसल्यावर. चित्राजवळ शब्द आला की वाचता येणारा माणूस चित्र पुरतं बघतच नाही, शब्दाने जे सांगितलं तेच त्याला चित्रात दिसतं. जाहिरातीत आपण हीच गोष्ट कामाला लावतो. इथे ती उलटी लागली.

आता माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण या विषयाचं गांभीर्य मला तिथे कळलं.

मी कपाशीच्या गावातली. वर्गातल्या बऱ्याच जणांनी कॉफीशॉप आणि कपड्यांच्या ब्रँडचे विषय घेतले होते, मी कीटकनाशकांची लेबलं घेतली. प्रत्येक बाटलीवर एक चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला, पत्त्यांमधल्या चौकटसारखा. आडव्या रेघेने त्याचे दोन त्रिकोण होतात. वरच्यात इशारा आणि खालच्यात रंग. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार रंग चार आहेत. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी आणि हाडं असतात. पिवळा म्हणजे अतिविषारी. निळा मध्यम. हिरवा कमी विषारी. कागदावर ही व्यवस्था सुरेख आहे. चारही चौकोन ओळीने मांडले की कुणालाही समजेल. सगळ्या पाठ्यपुस्तकांत आणि माहितीपत्रकांत ते तसेच ओळीने मांडलेले असतात.

शेतात मात्र ओळ नसते. बांधावर एकच बाटली असते. तिच्यावर हिरवा असेल तर बाकीचे तीन रंग समोर नसतात, आणि ‘निळ्यापेक्षा कमी’ हा हिरव्याचा अर्थ त्या तिघांशिवाय उभाच राहत नाही. मग माणूस हिरव्याचा अर्थ दुसरीकडून आणतो. सिग्नलचा हिरवा, शाकाहाराचा हिरवा, उभ्या पिकाचा हिरवा. फवारणी करणाऱ्या एका काकांना मी बाटली दाखवून विचारलं, “काका, हे हिरवं काय आहे?” ते म्हणाले, “हिरवं हाये ना, म्हणजे पिकाले चांगलं.” दुकानात शेजारी बसलेले दुसरे एक भाऊ म्हणाले, “कंपनीचा मार्का असन.” कवटीबद्दल विचारलं तेव्हा कुणीच अडखळलं नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती, आणि लेबल बदललं असतं तर ते वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण त्या बातम्या वाचल्यानंतर मला लेबलाकडे निव्वळ ग्राफिक म्हणून बघता आलेलं नाही. आपण जे काढतो ते कुणाच्या तरी हातात एकटं पडणार आहे, हे लक्षात ठेवून काम करावं लागतं.

यासाठी थोडा सिद्धांतही लागतो आणि तो कंटाळवाणा नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स (१८३९-१९१४) याने खुणांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारची खूण वस्तूसारखी दिसते, जसं पिण्याच्या पाण्याच्या पाटीवरचा नळ. दुसरीचा वस्तूशी प्रत्यक्ष संबंध असतो. आपल्या न्यायदर्शनातलं, म्हणजे तर्कशास्त्रातलं, जुनं उदाहरण इथे चपखल बसतं: डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. तिसरी खूण निव्वळ ठरवलेली असते. सगळ्यांनी मान्य केलं म्हणून तिला अर्थ आहे. कवटी ही गमतीची खूण आहे, ती पहिल्यासारखी दिसते आणि तिसऱ्यासारखं काम करते. हिरवा त्रिकोण पूर्णपणे तिसऱ्या प्रकारचा. ठरवलेली खूण शिकवावी लागते, आणि शिकवण्याची सोय नसेल तर शक्यतो ती वापरू नये, असं माझं मत झालं आहे. औषधाच्या पाकिटावरची उभी लाल रेघही अशीच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका, असं ती सांगते. आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये तिच्यासाठी मोहीम काढली होती. तुमच्या घरात किती जणांना ती माहीत आहे, विचारून पाहा.

चांगली दुरुस्ती कशी दिसते तेही सांगते. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर पूर्वी शाकाहारासाठी चौकटीत हिरवा गोल आणि मांसाहारासाठी चौकटीत तपकिरी गोल असायचा. आकार सारखा, फरक फक्त रंगाचा. ज्यांना लाल-हिरव्यातला भेद दिसत नाही, त्यांच्यासाठी दोन्ही जवळजवळ एकच. २०२० च्या नियमांनी तपकिरी गोलाचा त्रिकोण केला. कुठेही गाजावाजा नाही, एक छोटा आकार बदलला, आणि आता काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवरही खूण कळते. मला हे काम कुठल्याही बक्षीसपात्र पोस्टरपेक्षा मोठं वाटतं.

त्याच वर्षी दादरच्या रस्त्यांवर पादचाऱ्यांच्या सिग्नलमध्ये बाईची आकृती आली. तोवर सिग्नलमधला तो हिरवा चालणारा आपल्याला नुसता ‘माणूस’ वाटत होता. ती आल्यावर तो पुरुष झाला.

रुपयाचं चिन्हही शेजारामुळेच जन्माला आलं. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका यांचंही चलन रुपयाच, आणि लिहिण्याची रोमन पद्धतही तीच. आपला रुपया वेगळा दिसायला हवा होता. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. त्यात देवनागरी ‘र’ आहे आणि रोमन ‘आर’ही, वर शिरोरेघेची आठवण देणाऱ्या आडव्या रेघा. कधीतरी ते आकड्याशेजारी हाताने लिहून बघा. आकड्याच्या उंचीत ते किती निमूट बसतं ते कळेल.

इथूनच देवनागरीकडे या. बहुतेक अभ्यासक्रमांत अक्षरांकनाचा मोठा भाग रोमनवर जातो, आणि मुलं शेवटच्या वर्षापर्यंत मराठी मथळा कॉम्प्युटरमध्ये जो फाँट सापडेल त्यात टाकून देतात. याचं मला फार वाईट वाटतं. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं जुन्या वर्तमानपत्रांत शोधा. वर्तमानपत्राच्या त्या पानावर दहा नाटकं एकमेकांना खेटून असायची, आणि तरी प्रत्येक नाव आपल्या स्वभावाने वेगळं उभं राहायचं. सुलेखनकार र. कृ. जोशी यांचं काम पाहा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे फाँट मोफत मिळतात, ते उघडून मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं एकमेकांना कशी जागा देतात ते बघा. देवनागरी चांगली येणाऱ्याला काम कमी पडत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

पोर्टफोलिओत चकचकीत अंतिम चित्रं पुष्कळ जण लावतात. तुम्ही त्याच्यासोबत ती गोष्ट जिथे लागणार त्या जागेचा फोटो लावा, अंगठ्याएवढी काळीपांढरी प्रत लावा, आणि लोकांनी तिचा काय अर्थ लावला ते त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘आवडलं का?’ असं कधीही विचारू नका, माणसं भिडेखातर हो म्हणतात. ‘हे काय आहे?’ आणि ‘हे दिसलं तर तुम्ही काय कराल?’ हे दोन प्रश्न पुरतात. सुरक्षेच्या खुणांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या जुन्या मानकाची अपेक्षा अशी होती, की निदान ६७ टक्के लोकांना अर्थ बरोबर कळावा. अमेरिकेचं मानक ८५ टक्के मागतं. कॉलेजच्या प्रकल्पात एवढे लोक गोळा करता येणार नाहीत, पण पाच अनोळखी माणसांना विचारलं तरी चित्र बदलायला लागतं.

नोकऱ्या जाहिरात संस्था, पॅकेजिंग, प्रकाशन, ॲप आणि संकेतस्थळं, मेट्रो-रुग्णालयांच्या पाट्या अशा सगळीकडे आहेत. सुरुवातीचा पगार शहर आणि संस्थेवर ठरतो, त्यावर एक आकडा सांगण्यात अर्थ नाही. पहिल्या नोकरीत मात्र छपाईच्या जागी जायला मिळतं का, हे जरूर विचारा.

शेवटच्या वर्षाचा विषय आपल्या गावातून, आपल्या माणसांतून घ्या. एसटी स्टँड, ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर, बाजार समितीच्या पाट्या, रेशन दुकानाचा फलक, सगळीकडे काम पडलेलं आहे. कृषी केंद्रात जाणार असाल तर पेरणीचे आणि फवारणीचे दिवस टाळू नका, लोक तेव्हाच भेटतात. सकाळी गर्दी असते, दुकानदाराला बोलायला उसंत दुपारी मिळते. सोबत वही न्या, मोबाइल खिशातच राहू द्या, आणि बाटली हातात घेतली असेल तर घरी येऊन साबणाने हात धुवा.