पोरांना गोष्ट लिहायला शिकवायची असेल तर आधी विषय छोटा करा

सातवी-आठवीच्या वर्गाला 'उन्हाळा' विषय दिला की सगळ्या वह्यांत तेच येतं, रणरणतं ऊन, घामाच्या धारा, सगळं गाईडमधलं. यात पोरांचा काही दोष नाही, विषयच एवढा मोठा की डोळ्यासमोर काही येतच नाही.

म्हणून मी सांगते, नागपुरातली मे महिन्यातली एकच दुपार लिहा आणि ऊन, गरमी, घाम, सूर्य हे शब्द चालणार नाहीत. आधी खूप कुरकुर होते, मग एखादी पोरगी लिहिते की टाकीचं पाणी हाताला चटकलं म्हणून आजीनं पहिली बादली तशीच अंगणात ओतली. झालं, तिथंच थांबायचं, ते वाक्य फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं, आजी काही बोलली का? बादली कुठे ठेवली? पुढची गोष्ट ती पोरगी स्वतःच सांगते.

संवादासाठी पोरांना तर्री पोह्याच्या ठेल्यावर कान देऊन उभं राहायला सांगा, जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहायचं. 'काऊन बे, कुठी जाऊन रायला?' असं आलं तर प्लीज ते 'का रे, कुठे चालला आहेस?' करू नका, त्या माणसाचा जीवच जातो त्यात. निवेदन प्रमाण भाषेत असेल तर असू द्या, पण बोलणाऱ्याची बोली त्याचीच राहिली पाहिजे.

दुसऱ्याच्या जागी उभं राहून लिहायला मारबतीसारखं दुसरं काही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, सोबत बडगे म्हणजे टीका करणारे पुतळे असतात, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर राग काढलेला असतो. पोरांना विचारा, तुम्ही कशाचा बडग्या कराल? मग त्या बडग्याच्याच तोंडून लिहायला लावा, मिरवणुकीतून जाताना त्याला काय दिसतं, आपल्याला जाळणार हे माहीत असताना तो काय बोलेल. नुसती तक्रार लिहिणारी पोरं इथं अचानक दुसऱ्याची बाजू मांडायला लागतात, मला हा तास सगळ्यात जास्त आवडतो.

शुद्धलेखन शेवटी, वेगळ्या दिवशी. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नको, मार्क तर नकोच. लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावा, ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. आणि वहीत तुम्ही दोनच गोष्टी लिहा, कुठलं वाक्य डोळ्यासमोर उभं राहिलं आणि कुठे अजून वाचायचं होतं.